पिस्तुलाचा भरवसा आणि भंडारा

भंडारा जिल्ह्यात पिस्तुलाचा कारखाना नाही. मात्र पिस्तूल ज्या पदार्थांच्या जोरावर चालते त्यांपैकी बहुतेकांशी या जिल्ह्याचा जुना संबंध आहे. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील खाणींतून पोलादाला लागणारे मँगनीज निघते, भंडारा शहराची ओळख पितळी भांड्यांचे गाव अशी पिढ्यानपिढ्या राहिली आहे, भंडारा रोड स्थानकाजवळ वरठीला मिश्रपोलादाचा कारखाना उभा आहे, आणि नागपूर-भंडारा मार्गालगत जवाहरनगरला १९६४ पासून आयुध निर्माणी, म्हणजे लोकांच्या तोंडची ऑर्डनन्स फॅक्टरी, प्रणोदके आणि स्फोटके तयार करीत आली आहे. प्रणोदक म्हणजे काडतुसात भरलेली ती दारू, जी जळून वायू होते आणि गोळीला नळीतून पुढे ढकलते. जुने पोलादी पिस्तूल अधिक भरवशाचे की नवे पॉलिमरचे, हा वाद शस्त्रांच्या जाणकारांत गेली चाळीसेक वर्षे चालू आहे. तो बहुधा हत्याराच्या सांगाड्याकडे पाहून केला जातो, आणि काडतूस, त्याची पुंगळी व तिच्यातील दारू यांचा विचार मागे पडतो. भंडाऱ्याकडून पाहिले असता हा क्रम उलटतो आणि वादाचे खरे स्वरूप लक्षात येते.

पिस्तुलाचा भरवसा म्हणजे नेमके काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्यांचे फिरते चक्र असते आणि ते माणसाच्या बोटाच्या ताकदीने फिरते. त्यामुळे एखादे काडतूस फुसके निघाले तरी चाप पुन्हा ओढला की पुढचे काडतूस नळीसमोर येते. स्वयंभरण पिस्तुलात, ज्याला व्यवहारात नुसते पिस्तूल म्हणतात, तसे नसते. गोळी सुटताना जो उलटा धक्का बसतो त्याच्या जोरावर वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, आणि स्प्रिंगच्या दाबाने पुढे येताना मुठीतील मॅगझीनमधून नवे काडतूस उचलून नळीच्या मागच्या कोठीत बसवते. हे सारे क्षणार्धात घडते. धक्का अपुरा पडला, स्प्रिंग थकली, मॅगझीनची ओठाळी वाकली किंवा पुंगळी कोठीला चिकटली, तर पिस्तूल अडकते. म्हणजे या हत्याराचे इंजिन त्याच्या काडतुसात आहे, आणि धातूची तुलना करण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

महाराष्ट्राच्या इतिहासात हे नव्या जातीचे हत्यार ठळकपणे पुढे आले ते नाशिकमध्ये. अमेरिकन शस्त्ररचनाकार जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी आखलेली आणि बेल्जियममधील हेर्स्ताल येथील फाब्रीक नॅशनल कारखान्यात बनलेली चपटी, खिशात मावणारी पिस्तुले विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात युरोपभर खपत होती. लंडनच्या इंडिया हाउसमधून विनायक दामोदर सावरकर यांनी चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरतळात लपवून वीस ब्राउनिंग पिस्तुले आणि त्यांची काडतुसे १९०९ च्या आरंभी भारतात पाठविली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, बदली होऊन निघालेल्या जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्या निरोपासाठी ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग ठेवलेला असताना अनंत लक्ष्मण कान्हेरे या तरुणाने त्या पिस्तुलांपैकी एकातून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. या घटनेचा राजकीय अर्थ इतिहासकारांनी पुष्कळ मांडला आहे. शस्त्रांच्या इतिहासाच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की कारखान्यात साच्याबरहुकूम घडवलेले पोलादी पिस्तूल समुद्रमार्गे पेटीच्या तळाशी दडून, कोणत्याही तज्ज्ञ कारागिराच्या देखरेखीविना, हजारो मैलांवरच्या अनोळखी हातांत ऐन वेळी चालले. शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला जवळजवळ निःशस्त्र करून ठेवलेल्या काळात क्रांतिकारकांना असे हत्यार किती मोलाचे वाटले असेल, याची कल्पना त्यावरून येते.

ब्राउनिंग यांची रचना यशस्वी होण्यामागे पोलादाच्या गुणवत्तेचा मोठा वाटा होता. बेसेमर पद्धतीने स्वस्तात निघणारे पोलाद सुरुवातीला तापवून ठोकताना तडकत असे, कारण त्यात प्राणवायू आणि गंधक अडकून राहत. इंग्रज धातुशास्त्रज्ञ रॉबर्ट मशेट यांनी १८५६ च्या सुमारास त्यात मँगनीजयुक्त लोखंड घालून हा दोष दूर केला. मँगनीज गंधकाला स्वतःशी बांधून घेते, त्यामुळे धातूच्या कणांच्या सीमांवर वितळणारा ठिसूळ थर तयार होत नाही. या शोधामुळे जगभर मँगनीजची मागणी वाढली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मध्य प्रांतातील नागपूर, भंडारा, बालाघाट या जिल्ह्यांच्या खाणींमुळे भारत रशियाबरोबरीने या खनिजाचा अग्रगण्य उत्पादक ठरला. भंडाऱ्याच्या टेकड्यांतील काळा दगड युरोपच्या भट्ट्यांकडे जात होता, आणि त्याच काळात युरोपच्या कारखान्यांतून पोलादी पिस्तुले वसाहतींमध्ये येत होती.

पोलादी पिस्तुलाची कीर्ती ज्या चाचणीवर उभी आहे ती मार्च १९११ मधील. अमेरिकन सैन्याने ब्राउनिंग यांच्या .४५ व्यासाच्या कोल्ट पिस्तुलातून सहा हजार गोळ्या झाडून पाहिल्या. हत्यार तापले की ते पाण्यात बुडवून थंड करीत आणि पुन्हा चालवीत, तरीही ते एकदाही अडकले नाही, असे त्या चाचणीची नोंद सांगते. त्याच महिन्याच्या अखेरीस ते सैन्याने स्वीकारले आणि सात दशकांहून अधिक काळ वापरले. त्याच्या भरवशाला एक अट होती, जी नंतरच्या स्तुतीत गाळली गेली. हे पिस्तूल गोलाकार नाकाच्या, पूर्ण आवरणाच्या लष्करी गोळीसाठी आखले होते. पुढे पोकळ टोकाच्या गोळ्या आल्या तेव्हा त्याच रचनेची अनेक पिस्तुले त्या गोळ्या कोठीत नेताना अडखळू लागली आणि बंदूकसाजांना कोठीकडे नेणारा उतार घासून द्यावा लागला. हत्यार तेच, पोलादही तेच. फक्त काडतूस बदलले होते.

ब्राउनिंग १९२६ मध्ये निवर्तले. त्यांचे अखेरचे पिस्तूल दियुदोने सेव्ह या बेल्जियन रचनाकाराने पूर्ण केले आणि १९३५ मध्ये ते हाय-पॉवर या नावाने बाजारात आले. मॅगझीनमध्ये दोन ओळींत रचलेली तेरा काडतुसे ही त्या काळी मोठी गोष्ट होती. १९४० मध्ये जर्मनीने हेर्स्तालचा कारखाना ताब्यात घेतल्यावर हेच पिस्तूल कॅनडातील टोरांटोच्या जॉन इंग्लिस कंपनीने दोस्त राष्ट्रांसाठी बनवले, म्हणजे एकाच आराखड्याची पिस्तुले युद्धाच्या दोन्ही बाजूंना होती. स्वतंत्र भारतात याच घराण्यातील हत्यार बंगालमधील ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत ‘पिस्तूल ऑटो ९ एमएम १ ए’ या नावाने तयार होऊ लागले. भारतीय सैन्यातील आणि पोलिसांतील कित्येक पिढ्यांनी पिस्तूल म्हणून जे हातात धरले ते हेच: रिकामे असतानाही ९०० ग्रॅमच्या आसपास वजनाचे, पोलादी सांगाड्याचे, मुठीला बाजूच्या पट्ट्या असलेले.

पूर्व विदर्भाच्या हवेत अशा हत्याराची निगा राखणे हे कष्टाचे काम असते. भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि जून उलटला की चार महिने हवेतला ओलावा कपाटातल्या कपड्यांनाही सोडत नाही. पोलादी पिस्तुलाच्या पृष्ठभागावर रासायनिक क्रियेने चढवलेला निळसर काळा थर गंजाला काही काळ थोपवतो, पण घामाचा हात, पावसात भिजलेले चामड्याचे म्यान आणि चामडे कमावताना त्यात राहिलेले क्षार या तिघांपुढे तो फार दिवस टिकत नाही. म्हणून शस्त्रागारात तेल, फलालीनची चिंधी आणि आर्मोररची रोजची नजर यांना पर्याय नसतो. तेलही बेताने लावावे लागते, कारण उन्हाळ्यातील धूळ जादा तेलात बसून चिकट थर होतो आणि स्लाइडची गती मंदावते. पोलादाचा दोष मोडण्यात नव्हे, दुर्लक्ष सहन न करण्यात आहे. जिथे शिस्तीची निगा होती तिथे ही पिस्तुले पन्नास वर्षेही चालली.

पॉलिमर म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्यांचा बनलेला कृत्रिम पदार्थ. पिस्तुलांत वापरतात तो नायलॉनच्या कुळातला असून बहुधा काचतंतूंनी बळकट केलेला असतो. जर्मनीच्या हेक्लर आणि कोख कंपनीने १९७० मध्ये असा सांगाडा प्रथम वापरला, परंतु त्याला मान्यता मिळवून दिली ती ऑस्ट्रियाच्या गास्टन ग्लॉक यांनी. पडद्यांच्या दांड्या आणि सैन्यासाठी चाकू बनवणाऱ्या या उद्योजकाने त्यापूर्वी पिस्तूल कधीच बनवले नव्हते. ऑस्ट्रियन सैन्याला नवे पिस्तूल हवे आहे हे कळल्यावर त्यांनी जाणकारांना बोलावून अपेक्षा समजून घेतल्या, आणि सतरा काडतुसांचे, मोजक्या ३४ भागांचे, ६३० ग्रॅमच्या आसपास वजनाचे ग्लॉक १७ तयार केले. १९८२ मध्ये ते सैन्याने स्वीकारले. ‘प्लास्टिकचे पिस्तूल’ विमानतळावर यंत्राला दिसणारच नाही, असा गवगवा अमेरिकेत झाला, आणि तो निराधार होता. त्याची नळी पोलादी, स्लाइड पोलादी, आणि ज्या पट्ट्यांवरून स्लाइड धावते त्याही सांगाड्यात रुतवलेल्या पोलादाच्याच. इतकेच नव्हे, तर गोळी सुटताना नळी व स्लाइड एकमेकांत अडकून राहाव्यात आणि मग नळीचे मागचे टोक खाली झुकून दोघी सुटाव्यात, ही त्याची मूळ युक्ती ब्राउनिंग यांचीच आहे. नव्या पिस्तुलाने जुन्याचे काळीज घेतले आणि फक्त अंग बदलले.

ते अंग बदलणे मात्र साधे नव्हते. नायलॉन गंजत नाही, भर उन्हात ठेवलेल्या पोलादासारखे हाताला चटका देत नाही, वैशाखाच्या उन्हाने मऊही पडत नाही, आणि धक्का बसताना किंचित लवून त्याचा काही भाग पचवते. स्लाइड आणि नळी यांच्यावर नत्रवायूच्या संयोगाने कडक केलेला पृष्ठभाग असल्यामुळे उरलेले पोलादही गंजाला सहजी बळी पडत नाही. या हलकेपणाची किंमतही आहे. ज्याचे मनगट ढिले, त्याच्या हातात हलका सांगाडा स्लाइडबरोबरच मागे सरकतो, स्लाइडला पुरेसा मार्ग मिळत नाही आणि पुंगळी बाहेर पडता पडता अडकते. जड पोलादी पिस्तूल स्वतःच्या वजनानेच ही उणीव थोडीफार भरून काढते. नवशिक्या शिपायाला पॉलिमरचे पिस्तूल देऊन सराव न देणे हे म्हणून अधिक धोक्याचे ठरते.

दोन्ही पिढ्यांचे आकडे शेजारी ठेवून निकाल देण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. ऑस्ट्रियन सैन्याची अट अशी होती की दहा हजार गोळ्यांत वीसपेक्षा अधिक वेळा पिस्तूल अडकता कामा नये. १९११ च्या कोल्टने सहा हजार गोळ्या एकही अडथळा न येता झाडल्या. यावरून पोलाद सरस ठरते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, कारण एकीकडे चाचणीसाठी निगुतीने जुळवलेल्या एका नगाची कामगिरी आहे आणि दुसरीकडे सैन्याने खरेदीसाठी घालून दिलेली कमाल मर्यादा. पुढच्या काळातील दोषांची उदाहरणे अधिक बोलकी आहेत. अमेरिकन सैन्याने १९८५ मध्ये कोल्टच्या जागी घेतलेल्या बेरेटा पिस्तुलाचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा होता, पण सुरुवातीच्या वर्षांत काही नगांची तुटली ती पोलादी स्लाइड. ग्लॉकच्या चौथ्या पिढीतील पिस्तुलांत २०११ मध्ये कंपनीला बदलून द्यावी लागली ती धक्का झेलणारी स्प्रिंग. पॉलिमरच्या सांगाड्याचा त्यात काही दोष नव्हता. वाद ज्या भागावरून चालतो तो भाग क्वचितच दगा देतो.

दगा कुठून होतो याचे सर्वांत शिकवणारे उदाहरण भारतीय पावसाळ्यातले आहे, आणि ते पितळाचे आहे. काडतुसाची पुंगळी साधारण सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त यांच्या पितळाची करतात, कारण हे पितळ स्फोटाच्या दाबाने फुगून कोठीला घट्ट बसते, वायू मागे येऊ देत नाही, आणि दाब ओसरताच आकसून सुटे होते. ब्रिटिश काळात पावसाळ्यात हालचाली थंडावल्या की दारूगोळा तबेल्यांच्या आसपास साठवला जाई, आणि कोरडा हंगाम आल्यावर असे आढळे की न वापरलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना आपोआप उभ्या भेगा पडल्या आहेत. हा हंगामी तडा कशाने पडतो हे कोडे १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी सोडवले: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेत तांब्यावर क्रिया करतो, आणि साच्यातून ओढून घडवलेल्या पुंगळीत जो ताण कोंडलेला असतो तो त्या कमकुवत जागी तिला फाडतो. उपाय होता पुंगळी बेताने तापवून हा कोंडलेला ताण घालवण्याचा. ठोकून ठोकून कडक झालेले पितळ पुन्हा भट्टीत तापवून मऊ केल्याशिवाय त्याला पुढे आकार देता येत नाही, हे पितळी भांडी घडवणाऱ्या तांबटाला कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय ठाऊक असते. भंडाऱ्याच्या भांडी घडवणाऱ्या आळ्यांतील हे हातचे ज्ञान आणि दारूगोळ्याच्या कारखान्यातील हे शास्त्र एकाच धातूच्या एकाच स्वभावावर उभे आहे. तडकलेल्या पुंगळीचे काडतूस जगातल्या कोणत्याही पिस्तुलाला, पोलादी असो वा पॉलिमरचे, नीट चालू देत नाही.

पितळानंतर दारू. धूर न करणारी दारू १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनी सिद्ध केली आणि तिच्याविना स्वयंभरण पिस्तूल जन्मालाच आले नसते, कारण काळ्या दारूची काजळी नाजूक यंत्रणेला थोड्याच गोळ्यांत बंद पाडते. या दारूचा पाया नायट्रोसेल्युलोज, म्हणजे आम्लांच्या क्रियेने रूपांतरित केलेला कापसाचा तंतू. तिचा एक मूळचा दुर्गुण असा की ती साठवणीत हळूहळू विघटित होते, आणि उष्णता वाढली की हे विघटन वेग घेते. म्हणून तिच्यात स्थैर्य देणारी द्रव्ये मिसळावी लागतात आणि साठ्याची ठरावीक काळाने तपासणी करावी लागते. स्थैर्य गमावलेल्या दारूचा दाब कधी कमी तर कधी जास्त भरतो. कमी भरला तर स्लाइड अर्ध्यातच थांबते, आणि फारच कमी भरला तर गोळी नळीतच अडकून राहते. मागोमाग दुसरी गोळी झाडली तर नळी फुटते आणि हातही जातो.

१९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धाने भारताच्या दारूगोळ्याच्या उत्पादनातील उणिवा उघड्या पाडल्या. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असतानाच्या त्या वर्षांत देशाच्या सीमांपासून दूर, आतल्या भागात नवे कारखाने उभारण्यास गती आली. महाराष्ट्रात खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून होताच. आता जळगाव जिल्ह्यात वरणगाव आणि भंडारा जिल्ह्यात जवाहरनगर यांची भर पडली. वरणगाव लहान हत्यारांच्या काडतुसांसाठी, तर जवाहरनगर प्रणोदके आणि स्फोटके यांसाठी. धानाच्या बांध्यांच्या मुलखात वसाहत, शाळा, दवाखाना असलेले एक नियोजित गाव उभे राहिले आणि शेतीवर जगणाऱ्या घरांतील तरुण आम्ले, तापमाने आणि दाब यांच्या मोजमापाच्या कामात शिरले. हे काम जोखमीचे आहे याची आठवण जिल्ह्याला पुन्हा पुन्हा झाली आहे. २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात किमान आठ कामगारांचा जीव गेला. देशातील ४१ आयुध निर्माणींची १ ऑक्टोबर २०२१ रोजी सात कंपन्यांत विभागणी झाली तेव्हा जवाहरनगरचा कारखाना पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आला. हत्याराच्या भरवशाची चर्चा करताना त्या भरवशासाठी कोणी काय मोजले आहे, याचा उल्लेख टाळणे अन्यायाचे होईल.

दारूगोळ्याचा प्रश्न केवळ दर्जाचा नसून पुरवठ्याचाही आहे, हे २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्याने दाखवले. त्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने, दारूगोळ्याच्या तुटवड्यामुळे मुंबई पोलिसांचा नेमबाजीचा सराव खंडित झाल्याकडे लक्ष वेधले. हल्ल्यानंतर जनमताचा रोख जुन्या हत्यारांवर गेला आणि विशेष दलांसाठी आधुनिक शस्त्रांची खरेदी झाली. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलासारख्या तुकड्यांत ग्लॉक पिस्तूल रूढ आहे. ही खरेदी आवश्यक होती. पण ज्या शिपायाने वर्षभरात मोजक्याही गोळ्या झाडल्या नाहीत त्याच्या हातात कोणतेही पिस्तूल भरवशाचे नसते, आणि समितीच्या निरीक्षणातील हा भाग खरेदीच्या बातम्यांइतका लोकांच्या लक्षात राहिला नाही.

पुण्यातील आर्मामेंट संशोधन आणि विकास संस्थेने महूच्या इन्फन्ट्री स्कूलबरोबर विकसित केलेले ‘अस्मी’ हे ९ एमएमचे मशीन पिस्तूल जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झाले. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी केलेल्या या रचनेत वरचे कवच विमानात वापरतात त्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचे आणि खालचे कार्बन तंतूंचे आहे. पोलाद की पॉलिमर या वादात आता असे तिसरे, चौथे पदार्थही शिरले आहेत. काडतूस मात्र भारतीय दलांत आधीपासून असलेले तेच ९ एमएमचे ठेवले आहे, जे मूळ जर्मनीत गेऑर्ग ल्युगर यांनी १९०२ च्या सुमारास आखले होते.

दमट पावसाळा, धुळीचा उन्हाळा आणि अपुरी निगा हे वास्तव धरून चालायचे असेल, तर पूर्व विदर्भातील ठाण्यासाठी पॉलिमरच्या सांगाड्याचे पिस्तूल अधिक योग्य आहे, असाच निर्णय द्यावा लागतो. पण नव्या पिस्तुलावर जेवढा खर्च होतो त्याचा काही भाग आधी सरावाच्या काडतुसांवर, नव्या मॅगझीनांवर आणि वेळच्या वेळी स्प्रिंगा बदलण्यावर झाला पाहिजे, अन्यथा तो निर्णय कागदावरच राहील. शस्त्रांच्या इतिहासात ब्राउनिंग आणि ग्लॉक यांची नावे ठसठशीत आहेत, तर त्यांच्या हत्यारांना ज्या दारूवाचून अर्थ नाही ती बनवणाऱ्यांचा इतिहास अजून लिहिला जायचा आहे. जवाहरनगरच्या कारखान्यात पहिल्या वर्षांत रुजू झालेली पिढी आज ऐंशीच्या पुढे गेली आहे. तिच्या आठवणी आणि वसाहत उभी राहतानाची कागदपत्रे गोळा करून नीट नोंदवण्याचे काम जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी तातडीने हाती घ्यावे.